कोस्टा रिकाची सेंट्रल व्हॅली: चार दिवस द्यावेत की थेट पुढे निघावं?

पायवाट:
कोस्टा रिकाला जाणाऱ्यांचे बेत वाचते तेव्हा एक गोष्ट सारखी खटकते. पहिली रात्र राजधानी सान होजेत झोपायचं आणि पहाटे उठून समुद्राकडे नाहीतर आरेनाल ज्वालामुखीकडे पळायचं. देशातली निम्म्याहून जास्त माणसं ज्या खोऱ्यात राहतात, ते आपल्याला फक्त सामान टेकवण्यापुरतं लागतं. माझं मत उलट आहे. सात दिवस असतील तर चार इथे द्या, आणि मुक्काम सान होजेत नको, ओरोसी गावात करा.

सान होजे विषुववृत्तापासून दहा अंशांवर असलं तरी साधारण ११५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उकाडा नाही. भोवती ज्वालामुखी, त्यांच्या राखेची माती, त्या मातीत कॉफी, आणि कॉफीच्या पैशावर वाढलेली गावं. इथे राष्ट्रीय उद्यान आणि गाव वेगळं काढताच येत नाही. इराझू ज्वालामुखीच्या ३४३२ मीटरच्या माथ्यापर्यंत गाडी जाते. सकाळी तिथे, दुपारी पायथ्याच्या कार्तागोत. हे शहर १५६३ चं, १८२३ पर्यंत राजधानी. मधोमध बिनछपराच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. १९१० च्या भूकंपानंतर ते बांधकाम कधी पुरं झालंच नाही. मी तिथल्या बाकावर तासभर बसले होते.

निळी झोळी:
असहमत. तुम्हीच भूकंपाचं म्हणालात. त्या भूकंपांनी जुनं बहुतेक पाडलं. आता उरलंय ते पत्रे, काँक्रीट आणि वाहनांच्या रांगा. सात दिवसांतले चार यासाठी? पोआस ज्वालामुखीचं विवर पाहायला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा समोर नुसता पांढरा ढग. २०१७ च्या उद्रेकानंतर तर आधी ऑनलाइन तिकीट काढा, डोक्याला हेल्मेट घाला आणि विवराकाठी वीसेक मिनिटं थांबा. ज्वालामुखीची हालचाल वाढली की उद्यानच बंद. तेवढ्या वेळात ओसा द्वीपकल्पावरच्या कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात जंगल अनुभवता येतं. सुट्टी मोजकी असते हो, ती ढगावर लावू नये.

पायवाट:
ढगाचं खरं आहे, पण तो टाळता येतो. सकाळी दहानंतर पोहोचलात तर तो भेटणारच. सकाळी उघडताच वर जा, डिसेंबर ते एप्रिलमध्ये जा. आणि सगळीच गावं काँक्रीटची नाहीत. ओरोसीचं चर्च १७४३ चं आहे, मातीच्या विटांचं, अजून वापरात. पुढे उहार्रासला त्याहून जुन्या चर्चचे अवशेष आहेत, एका बागेत. सार्ची गावात बैलगाड्यांची चाकं रंगवणारे कारागीर आहेत. याच गाड्यांनी कॉफी डोंगर उतरून बंदरापर्यंत नेली.

रानवारा:
दोघांशीही माझं थोडं भांडण आहे.

निळी झोळी, जंगलासाठी ओसाच कशाला? ब्राउलियो कार्रियो राष्ट्रीय उद्यान राजधानीला खेटून आहे. खोऱ्यातून कॅरिबियन बाजूला नेणारा महामार्ग आखला गेला तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांचं रान तुटेल ही भीती होती, म्हणून १९७८ मध्ये हे उद्यान झालं. रस्ता खुला झाला १९८७ मध्ये. बहुतेक लोक ते बसच्या खिडकीतून पाहतात आणि जंगल पाहिलं म्हणतात. उतरून चाललं पाहिजे.

पायवाट, तुमचं चित्र मात्र फार गोड आहे. राखेने माती दिली, कबूल. पण इराझू १९६३ मध्ये फुटला तेव्हा सान होजेवर दोन वर्षं राख पडत राहिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात रेव्हेंतादो नदीतून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने कार्तागोतली वस्ती गाडली, माणसं गेली. त्या बाकावर बसताना हेही माहीत असावं. दुसरं पाणी. ओरोसीच्या वरच्या तापान्ती राष्ट्रीय उद्यानात वर्षाला सात मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सान होजेच्या नळाचा मोठा वाटा ओरोसीकडून येतो. तेच पाणी सांडपाणी होऊन विरिया नदीत जातं, तिथून तार्कोलेसमध्ये. मध्य अमेरिकेतल्या सर्वांत घाण नद्यांत तिची गणना होते. पर्यटक तिच्या पुलावरून मगरी पाहतात. वरून काय वाहत आलंय हे कुणी विचारत नाही. गाव आणि उद्यान एक आहेत म्हणताना हेही धरा.

पायवाट:
मान्य. पाण्याचा हा धागा मला सुचलाच नव्हता. मग तर तापान्तीत एक दिवस हवाच.

साखरझोप:
आईबाबांना घेऊन गेलो होतो म्हणून सांगते. इराझूवर बाबांना गरगरलं, थंडीही बोचरी. गरम कपडे हवेत आणि वर घाई करू नये. दोन ऑगस्टच्या आसपास जाणार असाल तर कार्तागोच्या बॅसिलिकाकडे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चकडे, सान होजेहून वीसेक किलोमीटर चालत येणारे भाविक दिसतील. आईला सगळ्या प्रवासात तेच सर्वांत जवळचं वाटलं. रस्ते मात्र तुंबतात.

निळी झोळी:
रानवारांचं तार्कोलेसबद्दलचं वाचून थांबलो. मी त्या पुलावर उभा राहिलोय, मगरींचे फोटो काढलेत. तरी चार दिवसांवर मी येत नाही, दोन देईन. पोआस नको.

पायवाट:
दोनच असतील तर दोन्ही रात्री ओरोसीत काढा. पहिल्या दिवशी तापान्ती, दुसऱ्या पहाटे इराझू आणि उतरताना कार्तागो. सार्ची माझ्या जिवाची आहे, पण ती खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पडते, तेव्हा या खेपेला गाळा.

रानवारा:
आणि तापान्तीत छत्री नको, रेनकोट न्या. नदीकाठच्या पायवाटेवर हात मोकळे हवेत.