मार्शमॅलो आणि मोडलेला शब्द

मुलासमोर एक मार्शमॅलो (मऊ, गोड खाऊ) ठेवायचा आणि 'थोडा वेळ न खाता थांबलास तर दोन मिळतील' म्हणून सांगायचं, हा प्रसिद्ध मार्शमॅलो प्रयोग. 'थांबणारं मूल पुढे यशस्वी होतं' हा त्याचा निष्कर्ष बऱ्याचदा जरा सरळसोट मांडला जातो. २०१८ साली वॉट्स, डंकन आणि क्वान या संशोधकांनी सुमारे ९०० मुलांवर तो तपासला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर हा संबंध बराच फिका पडला.

मला २०१३ चा संशोधक सेलेस्ट किड यांचा मार्शमॅलोचाच प्रयोग जास्त बोलका वाटतो. मुलं फक्त २८. निम्म्यांना आधी चांगले रंग आणि स्टिकर आणून देतो म्हणून सांगितलं आणि दिलेच नाहीत. ही मुलं सरासरी ३ मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला शब्द पाळला, ती १२ मिनिटं! म्हणजे आपण मोजतो तो संयम की भरवसा?

पण एक गोम आहे. शब्द मोडणारी आणि मार्शमॅलो देणारी व्यक्ती एकच होती. मूल त्या एका व्यक्तीवर रुसलं, की मोठ्यांवरचा विश्वासच उडाला, हे कळत नाही. म्हणून पुढच्या प्रयोगात ज्यांना दिलेला शब्द मोडला त्यांतल्या निम्म्या मुलांसमोर मार्शमॅलो घेऊन दुसरीच व्यक्ती यावी. तीही पहिल्या घटनेबद्दल पूर्ण अनभिज्ञ, नाहीतर तिच्या चेहऱ्यावरूनच मुलं ओळखतील. (मुलं फार बेरकी असतात.) अनोळखी माणसासमोरही ती तितकीच लवकर खाऊ लागली, तर प्रकरण रुसव्यापुरतं नाही. अर्थात २८ मुलांत हे भागणार नाही, गट बरेच मोठे लागतील.