घरी चांगली कॉफी करण्यासाठी कोणती पद्धत निवडावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी आजवर बरणीतली इन्स्टंट कॉफीच होत आली आहे. गेल्या महिन्यात चिकमगळूरला गेलो असताना एका बागेतून अर्धा किलो कॉफी आणली, त्यात पाव किलो दळलेली पावडर आणि पाव किलो अख्ख्या भाजलेल्या बिया आहेत. पाकिटावर शंभर टक्के अरेबिका (कॉफीची एक जात) आणि मध्यम भाजलेली असे लिहिले आहे. बागेच्या मालकांनी तिथे आम्हाला जी कॉफी पाजली तिचा सुवास अजून लक्षात आहे.

घरी परतल्यावर मी चार कपांच्या पाण्यात दोन चहाचे चमचे पावडर घालून चहासारखी पाच-सात मिनिटे उकळली, गाळली आणि दूध-साखर घातली. ती कडू झाली आणि पाणचटही झाली. एकच कॉफी एकाच वेळी कडूही आणि पाणचटही कशी होते, हे मला अजिबात उलगडलेले नाही.

आमची गरज दोन प्रकारची आहे. सासूबाईंना सकाळी दुधाची, जायफळ घातलेली कॉफी लागते, आणि ती त्यांच्या पद्धतीचीच हवी असते. मी आणि माझे यजमान दुपारी बिनदुधाची कॉफी घेऊ इच्छितो. घरात गॅस आणि इंडक्शन अशा दोन्ही शेगड्या आहेत, मिक्सर आहे, पिण्यासाठी आरओचे पाणी आहे. आम्ही नाशिकला राहतो. तीन हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. दक्षिणी फिल्टर, मोका पॉट, फ्रेंच प्रेस आणि कागदी फिल्टर यांपैकी काय घ्यावे आणि का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

ताई, आधी आपल्या कोड्याचे उत्तर देतो, कारण ते समजले की उपकरणाची निवड पुष्कळ सोपी होते.

कॉफीच्या भाजलेल्या बीमधील साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा काढून घ्यायचा नसतो. आम्लता आणि सुवास देणारे घटक लवकर उतरतात, गोडसरपणा त्यांच्या मागून येतो आणि कडू-तुरट घटक सर्वांत शेवटी येतात. बीच्या वजनाच्या अठरा ते बावीस टक्के अर्क उतरला की चव जुळते, असे सामान्यतः मानले जाते. आपण पाच-सात मिनिटे खळखळ उकळून शेवटचे कडू घटकही ओढून काढले, म्हणून कॉफी कडू झाली. दुसरीकडे दोन चमचे म्हणजे पावडर जेमतेम पाच-सहा ग्रॅम भरली असेल, आणि चार कपांना, म्हणजे सुमारे सहाशे मिलिलिटर पाण्याला, पस्तीस-चाळीस ग्रॅम तरी लागते. म्हणून ती पाणचट झाली. इन्स्टंट कॉफी म्हणजे आधीच काढून वाळवलेला अर्क असतो, त्यामुळे तिथे कपाला एक चमचा पुरतो. तीच सवय खऱ्या पावडरीला लावली की हमखास असेच होते. बंगळूरला येऊन राहिलो तेव्हा पहिला महिनाभर मीही हेच करत होतो.

आता सासूबाईंच्या कॉफीविषयी. दुधाच्या कॉफीसाठी दक्षिणी फिल्टरला पर्याय नाही, असे माझे एकोणीस वर्षांच्या अनुभवानंतरचे ठाम मत आहे. दूध घातल्यावरही चव टिकायची असेल तर मुळातला अर्क दाट हवा, आणि फिल्टरमध्ये थोडे पाणी पुष्कळ पावडरीतून संथपणे झिरपत असल्यामुळे तसे डिकॉक्शन विजेवाचून, काहीशे रुपयांच्या भांड्यात मिळते. स्टीलचा, एकावर एक बसणाऱ्या दोन डब्यांचा, दोनशे मिलिलिटरच्या आसपासचा फिल्टर घ्यावा. घेताना वरचा डबा उजेडासमोर धरून पाहावा. छिद्रे बारीक आणि एकसारखी असली पाहिजेत.

वरच्या डब्यात वीस ते पंचवीस ग्रॅम, म्हणजे तीन शिगोशीग मोठे चमचे पावडर घालावी, डबा हलकेच आपटून ती सपाट करावी आणि त्यावर दांड्याची चकती नुसती ठेवावी, दाबू नये. उकळी आलेले पाणी अर्धा मिनिट थांबवून, आधी पावडर भिजेल एवढेच गोल फिरवत ओतावे. पावडर फुगून वर येते आणि कॉफी ताजी असेल तर बुडबुडेही दिसतात. अर्ध्या मिनिटाने उरलेले शंभर-सव्वाशे मिलिलिटर पाणी ओतून झाकण लावावे आणि भांड्याला हात लावू नये. थेंब थेंब पडत पंधरा ते वीस मिनिटांत खालचा डबा भरत आला तर सगळे जुळले असे समजावे. चार-पाच मिनिटांत सगळे पाणी खाली आले तर पावडर भरड आहे किंवा कमी पडली आहे. तासाभरानेही वर पाणी तुंबलेले असेल तर ती फार बारीक आहे किंवा चकती दाबली गेली आहे. आमच्याकडे रात्री झोपताना फिल्टर लावून ठेवतात आणि सकाळी फक्त दूध तापवतात.

डिकॉक्शन पुन्हा उकळू नये, ते लगेच कडवट होते. नुकतेच उतू येऊ लागलेले दूध त्यात ओतावे. एक भाग डिकॉक्शनला अडीच ते तीन भाग दूध हे प्रमाण बहुतेकांना रुचते.

पावडरीबाबत एक सुचवतो. आपण आणलेली मध्यम भाजलेली अरेबिका दुधात फिकी, कधी आंबूसही लागण्याची शक्यता आहे. दुधासाठी जरा जास्त भाजलेली, थोडा रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी, अधिक कडक जात, असलेली आणि हवी तर चिकोरी मिसळलेली पावडर वेगळी आणावी. चिकोरी म्हणजे भाजलेले मूळ असते. तिच्यात कॅफीन नसते, पण अर्काला रंग आणि दाटपणा येतो. आपल्याकडच्या नियमांनुसार मिश्रणात चिकोरी एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत घालता येते, त्यामुळे पाकिटावरचे प्रमाण अवश्य वाचावे. वीस टक्के पुरेशी आहे. चाळीसच्या पुढे गेल्यावर कॉफीची चव मागे पडते, असे मला वाटते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील दुधाच्या कॉफीचा भाग मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र आपल्या दुपारच्या बिनदुधाच्या कॉफीसाठी तेच डिकॉक्शन पाणी घालून पातळ करून पिऊ नका, अशी कळकळीची विनंती आहे. आपण आणलेल्या बियांमध्ये जो सुवास आहे तो दाट अर्कात दबून जातो.

माझा सल्ला असा की तीन हजारांतला मोठा भाग उपकरणावर न घालवता दळण्यावर खर्च करावा. बी दळल्यापासून तिचा सुवास उडू लागतो आणि काही दिवसांत ती निर्जीव होते. अख्खी बी हवाबंद डब्यात महिनाभर तरी चांगली राहते. मिक्सरचे पाते बी कापत सुटते, त्यामुळे भांड्यात एकीकडे पिठासारखी भुकटी आणि दुसरीकडे अर्धवट तुकडे राहतात. भुकटीतून कडवटपणा उतरतो, तुकड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात येतात. हाताने फिरवायच्या चक्कीत दोन दातेरी भागांमधून बी जाते आणि त्यांच्यातील अंतर कमीजास्त करता येत असल्याने दळण बरेच एकसारखे पडते. साधी हातचक्की आपल्या खर्चात बसते. ती येईपर्यंत मिक्सरच वापरायचा असेल तर सलग न फिरवता दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये भांडे हलवावे आणि नंतर मैद्याच्या चाळणीने भुकटी काढून टाकावी. मी दोन वर्षे असेच करत होतो आणि त्यातूनही पिण्याजोगी कॉफी होते.

उपकरणांत सुरुवातीला फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळी लावलेला दांडा असलेले उभे भांडे, घ्यावा, कारण त्यात चुकण्यासारखे फार थोडे आहे. तीस ग्रॅम भरड, जाड रव्यासारखे दळण, पाचशे मिलिलिटर गरम पाणी, चार मिनिटे थांबणे आणि मग दांडा सावकाश खाली नेणे, एवढेच करायचे असते. कॉफी लगेच कपांत ओतून घ्यावी. प्रेसमध्ये तशीच ठेवली तर अर्क उतरतच राहतो. तळाशी थोडा गाळ येतो, तो शेवटचा घोट सोडून द्यावा.

गाळ अजिबात आवडत नसेल तर कागदी फिल्टर घ्यावा. त्याचा जन्मच गाळाच्या तक्रारीतून झाला आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत घातला आणि त्यातून कॉफी गाळली. १९०८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आज मिळणाऱ्या शंकूच्या आकाराच्या गाळण्या त्याच कल्पनेवर चालतात. पंधरा ग्रॅम बारीक रव्याएवढे दळण आणि अडीचशे मिलिलिटर पाणी घ्यावे, आधी थोडे पाणी घालून अर्धा मिनिट भिजू द्यावे आणि उरलेले पाणी बारीक धारेने गोल फिरवत ओतावे. एकूण तीन मिनिटांच्या आसपास वेळ लागला पाहिजे. कप चहासारखा नितळ येतो आणि बागेगणिक बदलणारी चव याच पद्धतीत सर्वांत स्पष्ट कळते. चिकमगळूरची कॉफी संपली की मेळघाटातल्या चिखलदऱ्याची मिळवून करून पाहा. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे पुष्कळांना ठाऊकही नसते.

आरोग्याची एक बाब सांगणे आवश्यक वाटते. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा घटक असतो आणि तो रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतो. कागद त्याला बहुतांशी अडवतो, धातूची जाळी अडवत नाही. घरात कोणाला कोलेस्टेरॉलचा त्रास असेल आणि रोज दोन-तीन कप होणार असतील तर फ्रेंच प्रेसऐवजी कागदी फिल्टरच घ्यावा.

शेवटी पाण्याबद्दल. अर्क नीट उतरण्यासाठी पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थोडे क्षार लागतात. आरओचे पाणी फारच क्षारहीन असेल तर कॉफी सपाट लागते; उलट बोअरचे जड पाणी आम्लता मारून टाकते आणि चव खडूसारखी होते. बऱ्याच आरओ यंत्रांत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, बदलण्याची सोय असते; तो शंभर ते दीडशेच्या दरम्यान ठेवून पाहावा.

प्रतिसाद ३

मोका पॉटविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहिते. हे भांडे इटलीत १९३३ मध्ये तयार झाले आणि पुढे घरोघरी पोहोचले. खालच्या पाण्याची वाफ एक-दोन बार दाबाने पाणी पावडरीतून वर ढकलते, त्यामुळे कॉफी दाट आणि कडक होते. पण तिला एस्प्रेसो म्हणू नये, कारण तिथे नऊ बार दाब लागतो. माझ्याकडे तो सहा वर्षे आहे आणि मला तो प्रिय आहे, तरीही आपल्या घरासाठी पहिली खरेदी म्हणून मी तो सुचवणार नाही. जुन्या धाटणीचे भांडे ॲल्युमिनियमचे असते आणि ते इंडक्शनवर चालत नाही. शिवाय आच थोडी जास्त झाली की कॉफी करपल्यासारखी लागते. घेतलाच तर खालच्या भागात आधीच गरम केलेले पाणी, वाफेचा जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या खालपर्यंतच भरावे, पावडर दाबू नये, आच मंद ठेवावी आणि गुरगुर ऐकू येताच भांडे उतरवून त्याचा तळ नळाखाली धरावा. झडपेत क्षार साचून ती अडकली आहे का, हे दर महिन्याला तपासावे. माझी एकदा अडकली होती आणि सांध्यातून वाफ फुसफुसू लागली तेव्हा मी गॅस बंद केला म्हणून निभावले.

प्रश्नकर्तीचे उत्तर, तीन आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. स्टीलचा फिल्टर आणि हातचक्की घेतली. उरलेल्या पैशांत प्लास्टिकची शंकूसारखी गाळणी आणि कागद आले. यजमानांचे कोलेस्टेरॉल गेल्या वर्षी वाढलेले निघाले होते, म्हणून फ्रेंच प्रेस घेतला नाही.

फिल्टरमध्ये पहिल्या दिवशी बागेतून आणलेली पावडरच घातली. सगळे पाणी तीन मिनिटांत खाली आले आणि डिकॉक्शन चहाच्या रंगाचे निघाले. ती पावडर भरड होती हे तेव्हा कळले. मग गावातल्या कॉफीच्या दुकानातून फिल्टरसाठी दळलेली, वीस टक्के चिकोरीची पावडर आणली. रात्री लावलेल्या फिल्टरचा खालचा डबा सकाळी उघडला तेव्हा डिकॉक्शन काकवीसारखे काळेभोर दिसत होते आणि डबा तिरका केल्यावर कडेला तपकिरी ओघळ चिकटून राहत होता.

जायफळ कधी घालावे, यावर मात्र चार दिवस प्रयोग चालले. सासूबाई ते दुधात घालून उकळत असत. तसे केले की डिकॉक्शनचा वास दबतो. आता पेल्यात आधी डिकॉक्शन आणि साखर घालतो, त्यावर किसणीवर जायफळ दोनदाच फिरवतो आणि वरून उंचावरून दूध ओततो. सासूबाईंनी पहिल्या दिवशी काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेला रिकामा करून पुढे केला आणि अजून अर्धा कप मागितला.

दुपारची कॉफी अजून पूर्ण जमलेली नाही. चक्की एकदा फार बारीक लावली गेली, तेव्हा पाणी उतरायला साडेपाच मिनिटे लागली आणि कॉफी तुरट झाली. दोन खाचा मोकळी केल्यावर सव्वातीन मिनिटांवर आली आणि थंड होत गेल्यावर कपातून संत्र्याच्या सालीसारखा वास येऊ लागला. आरओचा टीडीएस चाळीस निघाला. तो वाढवण्यासाठी माणूस सोमवारी येणार आहे. त्यानंतर त्याच बिया त्याच खाचेवर दळून पुन्हा करून पाहीन आणि काय फरक पडला ते इथेच लिहीन.