मिकेलमस डेझी : नुसतं 'ॲस्टर' म्हटलं तर चालेल का?

प्रश्न : इंग्लंडमधल्या बागांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलणारी 'मिकेलमस डेझी' त्यात सारखी येते. तिला सरळ 'ॲस्टर' म्हणावं का?

– शास्त्राच्या दृष्टीने फारसं बिघडत नाही. ती आधी ॲस्टर याच प्रजातीत होती. आता सिम्फिओट्रायकममध्ये गेली, तरी बागवाले ॲस्टरच म्हणतात. अडचण आपल्याकडची आहे. दादरच्या फुलबाजारात ॲस्टर मागा, हातात पडेल ते चायना ॲस्टर. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश पिंक', 'फुले गणेश व्हाइट' या जाती त्यातल्याच. ते हंगामी पीक : रोपं लावायची, फुलं काढायची, झाड उपटून टाकायचं. मिकेलमस डेझी मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची आणि बहुवार्षिक. हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, वसंतात जमिनीतून पुन्हा फुटवे येतात. दर दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून नवी लावतात, आपण शेवंती काश्यांनी, म्हणजे बुडाशी आलेल्या फुटव्यांनी, लावतो तशी. फूल जवळून पाहिलंत तर कडेला जांभळ्या अरुंद पाकळ्या, मध्ये पिवळी चकती. फूल जुनं झालं की ती चकती तांबूस होते. पानांवर भुरी, म्हणजे पांढरट बुरशी, मात्र हमखास.

– ग्रीकमध्ये ॲस्टर म्हणजे तारा. मग 'शरदतारका' का नको?

– शब्द गोड आहे आणि ऋतूही जुळतो, आपला शरद आश्विन-कार्तिकातलाच. पण मूळ नावात एक तिथी आहे. मिकेलमस म्हणजे २९ सप्टेंबर, संत मायकेलचा सण. त्या सुमारास फुलते म्हणून हे नाव. नाव बदललं की तो सण पुसला जातो, म्हणून मी ते तसंच ठेवीन. पहिल्या उल्लेखाला 'मिकेलमस डेझी ही उशिरा फुलणारी बहुवार्षिक ॲस्टर' एवढं लिहा, पुढे नुसतं नाव. 'पानगळीतली डेझी' मात्र कृपा करून नको! त्यांची पानगळ ऑक्टोबरात, आपली शिशिरात. मराठी वाचक थेट माघ-फाल्गुनात जाऊन पोहोचेल.

– आणि अनेकवचन? 'डेझ्या' लिहिलं तर खटकतं.

– खटकतंच. 'ती डेझी', 'त्या डेझी' असं लिहा. किंवा 'डेझीची फुलं', बोलताना आपण तेच म्हणतो.