मदत हवी आहे: हाडातून निघणारं हार्मोन आणि शुगर, कोणी समजावून सांगेल का?

राजेहो, इथं कोणी फिजिओलॉजीवाले किंवा एंडोक्राइनवाले डॉक्टर आहेत का? आईला शुगर आहे, त्यात आता डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) हाडं ठिसूळ निघाली, म्हणून कॅल्शियम, व्हिटॅमिन डी३ सोबत व्हिटॅमिन के२ असलेली गोळी सुरू झाली. पाकिटावरचं वाचून मी नेटवर गेलो अन् तिथंच अडकलो बाप्पा.

म्हणजे हाडं बनवणाऱ्या पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं प्रोटीन सोडतात, आणि कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या जेरार्ड कारसेंटी यांच्या टीमनं २००७ मध्ये दाखवलं की ते नसलेल्या उंदरांत इन्सुलिन कमी अन् चरबी जास्त. एफजीएफ२३ नावाचं हार्मोन पण हाडातूनच निघतं अन् किडनीला फॉस्फेट बाहेर टाकायला लावतं, त्यात काही वाद नाही. पण ऑस्टिओकॅल्सिनचं गाडं अडलेलंच, २०२० मध्ये दोन वेगळ्या टीमनी तसेच उंदीर तयार केले तर शुगरमध्ये फरकच नाही!

आता प्रश्न असा, व्हिटॅमिन के मुळं ऑस्टिओकॅल्सिन कार्बॉक्सिलेट होऊन (म्हणजे त्याला कार्बॉक्सिल नावाचा रासायनिक गट जोडला जाऊन) हाडाला चिकटतं, अन् हार्मोनचं काम करतं म्हणतात ते कार्बॉक्सिलेट न झालेलं. मग के२ नं हे हार्मोनवालं रूप कमी होऊन शुगर वाढायला पाहिजे का? की माणसात हे लागूच होत नाही? गोळी बंद करत नाहीये, घाबरू नका, अंबाझरीला रोजचं फिरणंही चालू आहे तिचं. गर्दीच्या ओपीडीत एवढं कोण ऐकून घेणार. मेडिकलला शिकवणारं कोणी असेल तर साध्या मराठीत सांगा ना प्लीज.