मदत हवी आहे: पुण्यात कुटकी जगेल का?

नमस्कार मंडळी. धाकट्या दिराची उत्तराखंडात बदली झाली आहे. तिथल्या एका परवानाधारक रोपवाटिकेतून तो कुटकीची रोपं आणू म्हणतोय. यकृतासाठी वैद्य देतात तीच ही, कडूजहर. (वरीच्या जातीचं कुटकी धान्य वेगळं.)

अडचण हवेची. कुटकी हिमालयात साधारण ३,००० मीटरच्या वर वाढते, थंडीत बर्फाखाली झोपते आणि उन्हाळ्यात मुळापासून पुन्हा फुटते. आम्ही कोथरूडला, जेमतेम ५६० मीटरवर, आणि एप्रिलमध्ये गच्ची नुसती तापते. सासूबाई म्हणतात, "माठाशेजारी ठेव, जगेल." मला नाही वाटत!

महाबळेश्वरला नणंदेची जागा आहे, सुमारे १,३५० मीटर उंचीची. पण तिथला पाऊस मुळं कुजवेल अशी धास्ती वाटते. पत्र्याखाली, भरपूर वाळू आणि पानांचं खत घालून उथळ कुंडीत कुणी लावून पाहिली आहे का? थंडीची झोप मिळाली नाही तर ती किती तग धरते?

औषधासाठी नको, नुसती वाढवून बघायची हौस आहे. जंगलातून ओरबाडून ती दुर्मिळ झाली आहे, म्हणून रानातली रोपं कृपया सुचवू नका. काडेचिराईतही नको, ते दारात आहेच. दीर पुढच्या आठवड्यात निघतोय, तेव्हा जरा लवकर सांगा.