सागाला ‘वाण’ म्हणावं का?

परभणीकर: ज्वारीला वाण म्हणतो, तुरीला म्हणतो. परवा एका रोपवाटिकेच्या फलकावर ‘सुधारित वाणाचा साग’ वाचलं. जंगली झाडाला हा शब्द चालतो का? आणि ‘वृक्षपैदास’ कुणी म्हणतं का? मला तर पैदास म्हटलं की देवणी वळूच आठवतो.

किनवटवाला: चालतो, पण जपून. ‘परभणी मोती’ ज्वारीचा दाणा न् दाणा सारखा उगवतो, कारण ज्वारीत परागण बहुतांशी आपल्याच फुलात होतं. सागाचं तसं नाही. परागकण किडे नेतात, बाप बहुधा दुसरंच झाड असतं. एका झाडाखालचं बी गोळा करा, एक रोप सरळ निघेल, दुसरं फाट्याचं. म्हणून बियाण्यापासून केलेल्या सागाला वाण म्हणणं मला जरा फुगवलेलं वाटतं. वनशास्त्रात ‘वृक्षसुधारणा’ म्हणतात, तो शब्द बरा. त्यात पैदास येते, पण निम्मं काम निवडीचं असतं.

ही निवड फार जुनी नाही. फ्रान्समध्ये विल्मोरँ यांनी 1820 च्या दशकात स्कॉट्स पाइन या सूचिपर्णी झाडाचं ठिकठिकाणचं बी आणून शेजारी-शेजारी लावलं. एकाच जातीची झाडं, पण बी कुठलं यावर खोडाची ठेवण बदलते हे तिथं दिसलं. आपल्याकडचं ‘खाण तशी माती’ म्हणा. पुढं डेन्मार्कचे वनशास्त्रज्ञ सिराख लार्सन यांनी 1930 च्या दशकात निवडक झाडांच्या कलमांची बाग, म्हणजे बीजोद्यान, ही कल्पना मांडली.

जालन्याचा मोसंबीवाला: कलमांची बाग बियाण्यासाठी? आम्ही तर मोसंबीचा डोळा भरतो, म्हणजे चांगल्या झाडाची कळी दुसऱ्या रोपावर बसवतो, ते बी नको म्हणून.

किनवटवाला: तीच तर गंमत. सागालाही डोळा भरतात. डोळा जुन्या, जाणत्या झाडाचा असल्यानं कलम लवकर फुलतं, अन् बी खालून तोडता येतं. नाहीतर उंच जुन्या सागावर चढायचं कुणी? निवडक झाडं एका जागी असली की परागणही त्यांच्यातच होतं, बाहेरचा वांडा बाप येऊ नये म्हणून भोवती मोकळी पट्टी ठेवतात. मात्र सागाच्या बीजोद्यानांत फळधारणा कमी, हे दुखणं जुनंच.

लातूरची अनु: बियाण्यासाठी निवडलेल्या अशा सरस झाडाला इंग्रजीत ‘प्लस ट्री’ म्हणतात, त्याला मराठीत काय? ‘अधिक वृक्ष’ म्हणजे अधिक महिना वाटतो! ‘मातृवृक्ष’ चालेल?

किनवटवाला: मातृवृक्ष फळबागेत रुळलाय. पण ‘प्लस’ झाड अजून उमेदवार असतं. आजूबाजूच्या चांगल्या झाडांशी त्याची उंची, घेर, बिनफांदीचं खोड ताडून बघतात. तरी ते नाल्याकाठच्या ओलीनं वाढलं की अंगच्या गुणानं, हे संततिचाचणीशिवाय, म्हणजे त्याच्या बियांची रोपं वाढवून पाहिल्याशिवाय, कळत नाही. मुरमाडावरचं ठेंगणं झाडही रक्तानं सरस असू शकतं. मी ‘निवडझाड’ म्हणेन, बाईंना पटलं तर.

लातूरची अनु: पटलं. मग क्लोन? तो वाण नाही का?

किनवटवाला: तिथं माझी हरकत नाही. एकाच झाडाच्या फांद्यांना मुळं फोडून लावलेली रोपं हुबेहूब सारखी. ब्राझीलमध्ये अराक्रूझ या कागदाचा लगदा करणाऱ्या कंपनीच्या लोकांनी नीलगिरीत 1970 च्या दशकाच्या शेवटी हे मोठ्या प्रमाणावर केलं. आपलीच गोदावरी पुढं जाते त्या भद्राचलमला कागद गिरणीनं 1989 मध्ये हाच मार्ग धरला. पण सगळं रान एका रक्ताचं झालं की एका रोगात सगळं आडवं, म्हणून क्लोन मिसळून लावतात.

परभणीकर: म्हणजे त्या फलकवाल्याला विचारायचं, बी की क्लोन?

किनवटवाला: अन् बी असेल तर कुठल्या जंगलाचं, हेही विचारा. काळ्या चिकट रानात, पाणी तुंबतं तिथं लावणार असाल तर मात्र दोन्ही प्रश्न सोडा, आधी चर काढा.