उत्तर: पिवळं सिलेक्शन क्रोममध्ये का दिसत नाही

केळीभावाच्या साइटवर पिवळं सिलेक्शन (मजकूर निवडला की त्यामागे येणारा रंग) दिलंय, फायरफॉक्समध्ये दिसतं, क्रोममध्ये मात्र जुनाच निळा रंग येतो, असं तुम्ही म्हणताय. घोळ स्वल्पविरामाचा आहे. ‘::सिलेक्शन’ आणि फायरफॉक्सचा जुना खास ‘::-मोझ-सिलेक्शन’ हे दोन सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारी नावं) सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, एकाच नियमात स्वल्पविरामाने जोडलेत. क्रोमला त्यातला दुसरा कळत नाही, आणि न कळणारा एक सिलेक्टर सापडला की सीएसएस अख्खा नियमच टाकून देतं. फायरफॉक्स ६२ पासून, म्हणजे २०१८ पासून, मोझची गरजच उरलेली नाही. काढून टाका.

दुसरं म्हणजे पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत हो! शुद्ध पिवळ्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर) जेमतेम १.०७ भरतो, साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. रावेर-यावलचा शेतकरी भर उन्हात बांधावर उभा राहून भाव कॉपी करणार आणि व्हॉट्सॲपवर टाकणार, त्याला काय निवडलंय ते दिसायला तर हवं. पिवळं ठेवायचंच असेल तर अक्षरं काळी किंवा गर्द हिरवी करा. बॅकग्राउंड आणि कलर दोन्ही एकत्रच लिहा, एकावर सोडू नका.

ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग) किंवा चित्र सिलेक्शनमध्ये चालत नाही, फॉन्टचा आकारही बदलत नाही; रंग, टेक्स्ट-शॅडो (अक्षरांची सावली), अधोरेखा एवढ्यावरच भागवायचं. तुमच्या मथळ्यांना शॅडो आहे, ती सिलेक्शनमध्ये ‘नन’ (काहीच नाही) करा, नाहीतर काना-मात्रा-वेलांट्या पिवळ्यावर धुरकट दिसतात. मला तर मथळ्यांना शॅडोच खटकते, पण ती तुमची आवड.